तुटल्यामुळे पडलं, की पडल्यामुळे तुटलं? मॉडेल विमानाच्या अपघाताचा तपास

रेडिओवर उडणारं विमान जमिनीवर आपटलं की मैदानात पहिलं वाक्य ऐकू येतं ते "सिग्नल गेला." हे कारण सोयीचं आहे. त्यात कुणाचा दोष निघत नाही आणि काही तपासावंही लागत नाही. मग तेच विमान चिकटवून, तीच चूक पोटात ठेवून पुन्हा हवेत जातं आणि पुन्हा पडतं. मराठवाड्यात इंजिनिअरिंगची मुलं, एनसीसीच्या एअर विंगचे कॅडेट, यूट्यूब बघून थर्माकोल कापणारी शाळकरी पोरं असे बरेच जण आता या छंदात आहेत. पदरचे पैसे घालून, रात्र रात्र जागून ते विमान बांधतात. ते कशामुळे पडलं हे कळायलाच हवं.

पूर्ण तपास एका प्रश्नाभोवती फिरतो: प्रत्येक मोडलेला भाग तुटल्यामुळे विमान पडलं, की विमान पडल्यामुळे तो तुटला? उत्तर त्या तुकड्यांतच असतं. पण तुकडे पोत्यात भरून घरी आणले की निम्मा पुरावा वावरातच राहतो.

पडल्याबरोबर काय करायचं

थ्रॉटल (मोटारचा जोर) शून्यावर आणा आणि रिमोट चालूच ठेवा. घाईने रिमोट बंद केला आणि फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटार थांबवणारी सोय) नीट लावलेला नसेल, तर उचलायला वाकलेल्या माणसाच्या हातात मोटार फिरू शकते. आधी विमानातली बॅटरी काढायची, मग रिमोट बंद करायचा.

विमान ज्या दिशेला दिसेनासं झालं त्या रेषेत क्षितिजावरचं एखादं झाड, टॉवर किंवा खांब हेरून ठेवा. एकाने उड्डाणाच्या जागीच उभं राहून फोनवर दिशा सांगायची, दुसऱ्याने सरळ चालत जायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तूर माणसाच्या उंचीची झालेली असते, तिच्यात पाच फुटांवरचं विमान दिसत नाही. नजर वर ठेवून पळू नका. आपल्याकडे बिनकठड्याच्या विहिरी कमी नाहीत. उभ्या पिकात शिरण्याआधी मालकाला आवाज द्या. "काका, विमान पडलंय तुमच्या वावरात, काढून घेऊ का?" एवढं विचारलं तर बहुतेक माणसं स्वतःच शोधायला पुढे येतात, आणि पुढच्या वेळी तिथे उडवूही देतात.

विमान विजेच्या तारेत अडकलं असेल तर ते गेलं असं समजा. वाळलेला बांबू असो की पीव्हीसी पाइप, हात लावायचा नाही. महावितरणच्या लाइनमनला कळवा आणि तो लाइन बंद करून काढेल तेव्हाच घ्या.

विमान सापडलं की उचलू नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, एक लांबून आणि एक वरून. मग बॅटरी सोडवा. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या पॅकला खोक पडली असेल, तो फुगला असेल किंवा गोडसर वास येत असेल, तर तो उघड्या मातीवर लांब ठेवा आणि निदान अर्धा तास नजर ठेवा. आतली इजा उशिरा पेट घेते. कडब्याच्या गंजीजवळ, पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी किंवा गाडीच्या डिकीत तो पॅक ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

साक्षीदार, आणि पहिला साक्षीदार तुम्ही

कुणाशीही बोलण्याआधी शेवटचे दहा सेकंद लिहून काढा. विमान किती उंचीवर होतं, कुठे वळत होतं, थ्रॉटल किती होता, तुम्ही कोणती स्टिक दिली आणि विमानाने काय केलं. चर्चा सुरू झाली की आठवण चर्चेप्रमाणे बदलते, म्हणून हे आधी.

मग बाकीच्यांना एकेकट्याला विचारा. "काय झालं?" असं विचारलं तर निष्कर्ष मिळतो. "मोटारचा आवाज शेवटपर्यंत येत होता का?", "आधी नाक खाली गेलं की पंख?", "हवेत काही सुटून पडलं का?" असं विचारलं तर माहिती मिळते. ज्याला विमानातलं काही कळत नाही तो माणूस अनेकदा उत्तम साक्षीदार ठरतो, कारण त्याच्याकडे तयार कारण नसतं. बांधावरचा गुराखी म्हणाला, "आधी शेपूट लई फडफडलं, मंग उलटं झालं," तर ही फार मोलाची साक्ष आहे. वेगात असताना ढिल्या बिजागरीमुळे किंवा सैल पुशरॉडमुळे (ढकलणाऱ्या तारेमुळे) एलिव्हेटर, म्हणजे शेपटावरची नाक वर-खाली करणारी पट्टी, थरथरू लागतो, त्याला फ्लटर म्हणतात. काही क्षणांत तो सर्व्होचे (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारीचे) दात किंवा बिजागरी घेऊन जातो.

जमीन काय सांगते

पावसाळ्यानंतरची काळी माती ठसा उत्तम धरते. मे महिन्यात तीच जमीन भेगाळून टणक होते, मग खड्ड्याऐवजी ओरखडा आणि ढेकळांना लागलेला रंग शोधावा लागतो. डोंगराकडच्या मुरमाड रानात ठसा जवळजवळ मिळत नाही, तिथे तुकड्यांच्या पसाऱ्यावरच भिस्त.

नाकाचा एकच खोल खड्डा आणि सगळे तुकडे त्याच्याभोवती, म्हणजे विमान उभ्या सुरात आलं. एलिव्हेटरचा ताबा गेला, पंख हवेत निखळला किंवा दिशेचा गोंधळ झाला, अशा वेळी हे दिसतं. आधी पंखाच्या टोकाची रेघ, मग नाकाचा खड्डा आणि पुढे पंख्यासारखा पसरलेला पसारा असेल, तर विमान कलंडलेलं आणि वेगात होतं. पसारा अगदी कमी, विमान जवळजवळ जागच्या जागी चपटं बसलेलं आणि शेपूट एका बाजूला पिळवटलेलं, तर स्टॉल होऊन (वेग कमी पडून पंखांची उचल संपून) गिरक्या घेत खाली आलं असण्याची शक्यता मोठी.

आता आलेल्या वाटेने मागे चालत जा. पडलेल्या जागेच्या बऱ्याच मागे एलेरॉन (पंखावरची हलती पट्टी), हॅचचं झाकण किंवा प्रॉप (मोटारचा पंखा) सापडला, तर तो भाग हवेतच सुटला होता. सगळ्या तपासातला हा सर्वांत स्पष्ट पुरावा, आणि नेमका तोच शोधायचा लोकांना कंटाळा येतो.

प्रॉप पाहा. दोन्ही पाती तुटली असतील तर तो फिरत होता. एकच पातं तुटलं किंवा दोन्ही शाबूत असतील तर बहुधा थांबलेला होता. सुरात येताना बंद मोटारचा प्रॉपही वाऱ्याने फिरतो, म्हणून हा पुरावा मोटारच्या आवाजाच्या साक्षीशी जोडूनच वापरायचा.

सांधे वाचायला शिका

इथे घाई करू नका. प्रत्येक तुटलेला सांधा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहा.

चिकटवलेला हॉर्न (हलत्या पट्टीवरचा, पुशरॉड अडकवायचा तुकडा) निघून आला असेल आणि गोंदाचा पृष्ठभाग गुळगुळीत, चमकदार दिसत असेल, तर गोंद फोमला कधी धरलाच नव्हता. तो सांधा हवेतच सुटू शकतो. गोंदाला फोमचे पांढरे दाणे किंवा बाल्सा या हलक्या लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर गोंदाने आपलं काम केलं होतं आणि आपटण्याच्या जोराने साहित्य फाटलं. पहिला सांधा संशयित, दुसरा निर्दोष.

फोमच्या चिरेचा रंगही बोलतो. ताजी चीर पांढरीशुभ्र असते. तिच्या एका टोकाला मळकट, धुळीची कड दिसली तर तेवढी चीर आधीपासून होती आणि दर उड्डाणाला वाढत होती. पंखाच्या मध्यभागी, स्पार (पंखातली आधाराची दांडी) संपतो तिथे आणि मोटार माउंटच्या मुळाशी अशी जुनी चीर हमखास सापडते.

पुशरॉड वाकला असेल आणि हॉर्नचं भोक फाटलं असेल, तर ते आपटण्याने झालं. पुशरॉड सरळ, क्लेव्हिस (त्याच्या टोकाची चिमटी) शाबूत आणि तरीही तो हॉर्नमधून बाहेर, तर तो उडतानाच निसटला असण्याचा दाट संशय घ्या. क्लेव्हिसवर इंधनाच्या नळीची छोटी चकती सरकवली की हे टळतं.

ग्लू गनच्या गोंदाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. मार्च ते जून या काळात आपल्याकडे तो भरवशाचा नाही. उन्हात लावलेल्या बंद गाडीतलं तापमान ६० अंशांच्या पुढे जातं आणि तिथे हा गोंद मऊ पडतो. सर्व्हो, मोटार माउंट, हॉर्न सूतभर सरकतात आणि मैदानात गार झाल्यावर त्याच चुकीच्या जागी घट्ट बसतात. वरून काहीच दिसत नाही. जिथे भार येतो तिथे इपॉक्सी किंवा फोमला चालणारा गोंद आणि वर फायबर टेप वापरा.

वीज: बंद काय पडलं आणि कोणत्या क्रमाने

घरी आणल्यावर प्रॉप काढा आणि मगच बॅटरीला हात लावा. जोडणी करण्याआधी प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजून लिहा. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. उड्डाणानंतर विसावलेला सेल ३.७ च्या आसपास असेल तर बॅटरी संपलेली नव्हती. तीन सेलच्या पॅकमध्ये दोन ३.७ ला आणि एक ३.२ ला असेल, तर तो सेल दुबळा आहे. ईएससी (मोटारचा वेग सांभाळणारं सर्किट) साधारणपणे फक्त एकूण व्होल्टेज पाहतो, एकटा पडलेला सेल त्याला कळत नाही.

आता लक्षणं वेगळी करा, कारण "बंद पडलं" या दोन शब्दांत तीन निराळ्या गोष्टी लपतात.

मोटार तुटक चालली किंवा थांबली, पण एलेरॉन-एलिव्हेटर चालू राहिले: बॅटरी उतरल्यावर ईएससीने मोटार तोडली. विमान तरंगत उतरवता येतं.

मोटार आणि सगळे सर्व्हो एकदम मेले, आणि घरी आणल्यावर सगळं व्यवस्थित चालतं: इथे बीईसीवर, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या भागावर, संशय घ्या. साध्या ईएससीत लिनिअर बीईसी असतो. तो १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना उरलेली वीज उष्णतेत घालवतो. सर्व्हो मिळून १ अँपिअर ओढत असतील तर ७ वॉट उष्णता त्या इवल्याशा चिपमध्ये तयार होते. बाहेर ४२ अंश, बंद फ्यूजलाज (विमानाचं धड), हवा जायला भोक नाही, म्हणजे बीईसी तापून स्वतःला बंद करतो. थंड झाला की पुन्हा चालतो, आणि "सिग्नल गेला" ही समजूत पक्की होते. तपासायचं असेल तर विमानाची सगळी झाकणं जशीच्या तशी लावून, प्रॉप काढूनच, दुपारी उन्हात ठेवा आणि रिमोटने चारही सर्व्हो दहा मिनिटं सतत हलवत राहा. सोबत मीटरने रिसीव्हरचं व्होल्टेज पाहा. ते खाली येत गेलं तर कारण सापडलं. उपाय म्हणजे स्विचिंग पद्धतीचा वेगळा बीईसी आणि पुढून मागे हवा वाहती राहील अशी भोकं. मागचं भोक पुढच्यापेक्षा मोठं हवं.

सगळं क्षणभर गोठलं आणि पुन्हा ताबा आला, किंवा मोटार थांबून सर्व्हो ठरलेल्या जागी गेले: हे सिग्नल तुटल्याचं किंवा व्होल्टेज घसरून रिसीव्हर पुन्हा सुरू झाल्याचं लक्षण. बऱ्याच रिसीव्हरचा दिवा अशा वेळी वेगळ्या प्रकारे लुकलुकतो, माहितीपत्रक पाहा. टेलिमेट्री (विमानाकडून रिमोटला येणारी माहिती) असेल तर नोंद तपासा.

रेडिओ खरोखरच दोषी आहे का, हे रेंज चेकने ठरतं. रिमोट कमी शक्तीच्या मोडवर टाकायचा, तीसेक पावलं दूर जायचं, एकाने विमान हातात घट्ट धरून सगळ्या दिशांना फिरवायचं आणि मोटार चालू व बंद अशा दोन्ही अवस्थांत सर्व्हो पाहायचे. मोटार चालू केल्यावरच गडबड होत असेल तर रिसीव्हर ईएससीच्या फार जवळ आहे किंवा वायरिंग सदोष आहे. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात आणि कार्बनच्या दांडीपासून दूर हव्यात. रिमोटच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेनेच सिग्नल सर्वांत कमजोर असतो.

तोल

तुकडे टेपने तात्पुरते जोडा, बॅटरी उडताना होती त्याच जागी ठेवा आणि गुरुत्वमध्य तपासा. साध्या आयताकृती पंखात तो पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर असावा. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर ५ ते ६ सेंटिमीटर. तोल मागे असेल तर फेकताच विमान नाक वर करतं, एलिव्हेटरच्या हलक्या स्पर्शाला उड्या मारतं आणि स्टॉल होतं. बॅटरीच्या पट्ट्याची पकड पाहा. चढावाला बॅटरी दोन बोटं मागे सरकली तरी चांगलं विमान हाताबाहेर जातं.

ऊन, वारा आणि आपलं पठार

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. तिथे मे महिन्याच्या ४२ अंशांच्या दुपारी हवेची घनता प्रमाण घनतेच्या ८५ टक्क्यांवर येते. समुद्रकिनारी १५ अंशांत जे विमान ताशी ३० किलोमीटरला स्टॉल होतं, ते इथे साधारण साडेबत्तीसला स्टॉल होईल. प्रॉपचा जोरही कमी पडतो. डिसेंबरच्या सकाळी सुरेख चढणारं विमान मे महिन्यात हातातून फेकताच बसतं, यात नवल काही नाही. वजन १० टक्के वाढलं तर स्टॉलचा वेग ५ टक्के वाढतो, म्हणून डागडुजीत ओतलेला गोंदही मोजायचा.

दुपारी नांगरलेल्या काळ्या वावरावरून तापलेली हवा वर उठते आणि वावटळी फिरतात. वावटळीत सापडलेल्या विमानाला पायलट क्वचितच वाचवू शकतो. तपासात वेळ आणि जमिनीचा प्रकार लिहून ठेवा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उडवून मोकळं व्हावं, हे माझं ठाम मत.

वाऱ्याचा दुसरा फसवा भाग असा: ताशी ४० किलोमीटरने उडणारं विमान १५ च्या वाऱ्यात समोरून येताना जमिनीवरून २५ चं दिसतं आणि वाऱ्याबरोबर जाताना ५५ चं. वळल्यावर ते सुसाट दिसतं, हात आपोआप थ्रॉटल ओढतो, आणि हवेतला वेग स्टॉलखाली जातो. त्यात वळण तीव्र असेल तर आणखी वाईट. ६० अंश कललेल्या वळणात उंची टिकवायची तर स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात एक पंख अचानक खाली गेला असं साक्षीदार सांगत असतील, मोटार चालू होती, सांधे शाबूत आहेत, तर कारण इथे आहे. यंत्र निर्दोष आहे आणि सराव उंचीवर करायला हवा.

विमान समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, तिथे एकच नियम हाताला लावा: जो पंख खाली दिसतो त्या बाजूला स्टिक द्यायची. पडलं तेव्हा सूर्य कुठे होता तेही लिहा.

सगळं जोडून पाहिलं की

एक खरं चित्र घ्या. परभणीजवळच्या गायरानात एका मुलाचं विमान उंचावरून सूर मारून आलं. सगळ्यांचा निकाल "सिग्नल." पण त्याचा फेलसेफ थ्रॉटल शून्यावर लावलेला होता, आणि तिघांनी वेगवेगळं सांगितलं की मोटार जमिनीला लागेपर्यंत पूर्ण जोरात ओरडत होती. सिग्नल तुटला असता तर मोटार थांबली असती. प्रॉपची दोन्ही पाती मुळापासून गेलेली. एलिव्हेटरचा पुशरॉड सरळ, क्लेव्हिस जागेवर, आणि हॉर्न त्याला लटकलेला. हॉर्नखालचा ग्लू गनचा गोंद आरशासारखा चकचकीत, फोमचा एक दाणाही नाही. खेचताच हॉर्न उखडला, एलिव्हेटर मोकळा झाला, आणि पूर्ण थ्रॉटलवर विमान खाली आलं. दोषी शेवटी काही रुपयांचा सांधा निघाला, रेडिओ नव्हे. तो मुलगा मात्र रेडिओच बदलायला निघाला होता.

पुन्हा हवेत

एक वही ठेवा. तारीख, वेळ, वारा, बॅटरी, उड्डाणाची मिनिटं, काय सापडलं, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. आपटलेले सर्व्हो हाताने हळू फिरवून दात तपासा. कुठे अडकला तर तो सर्व्हो विमानात परत घालू नका. मोटारचा शाफ्ट वाकला असेल तर प्रॉपचं टोक फिरवताना वर-खाली होतं. दबलेला लिपो पॅक, कितीही चांगला दिसला तरी, बाद.

जागा निवडताना डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा, विशेषतः चिकलठाणा, नांदेड आणि लातूर विमानतळांच्या परिसरात. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाचं मॉडेल विमान ही वेगळी वर्गवारी आहे, पण ते डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात उडवायचं असतं.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी रेंज चेक करा. फेलसेफ तपासताना विमान कुणीतरी धरून ठेवा, प्रॉप काढा, मोटार हलकी चालू करा आणि रिमोट बंद करा. मोटार थांबलीच पाहिजे. एलेरॉनची दिशा विमानाच्या मागे उभं राहून पाहा. उजवी स्टिक दिली की उजवा एलेरॉन वर यायला हवा. दुरुस्तीत सर्व्होच्या वायरी उलट चॅनेलला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. प्रॉपवरचे छापलेले आकडे उडण्याच्या दिशेला आहेत ना, तेही बघा, उलटा बसलेला प्रॉप फिरतो पण नीट ओढत नाही.

वर गेल्यावर चांगली उंची घ्या, थ्रॉटल हळूहळू कमी करून सरळ रेषेत स्टॉल करून पाहा. पंख कोणत्या बाजूला पडतो आणि सावरायला किती उंची लागते, हे तिथेच कळू द्या. चार मिनिटांत उतरवा. उतरल्याबरोबर ईएससी, मोटार आणि बॅटरीवर बोट ठेवून पाहा. बोट टिकत नसेल इतकं काही तापलं असेल, तर दुसरं उड्डाण करू नका.